खाजणातल्या चुली

वेळशेतच्या खाडीत अकरा वर्षं कुणी जाळं टाकलं नाही की चिखलात हात घातला नाही, असं खाडी शुद्ध करण्याच्या प्रकल्पाच्या कागदांत लिहिलेलं आहे. कागदाला काय, भरवाल तसं बोलतो. पण गावाने बंदी जवळजवळ पाळली होती, हेही खरं. दोन होड्या एका खुंटाला बांधल्या तर जिथे आठवडाभर भांडण चालायचं, त्या गावाने अकरा वर्षं बाजारची शिळी मासळी खाऊन काढली. कारण बाराव्या वर्षी, २०५१ सालच्या नारळी पौर्णिमेला, खाडी उघडणार होती.

त्या बंदीची राखण दर्शना डोर्लेकरकडे होती. राखण म्हणजे मोजणी. दर पंधरवड्याला उधाणाची ओहोटी लागली की ती पायाखाली फळ्या बांधून चिखलावर उतरायची, बांबूची हातभर चौकट टाकायची आणि चौकटीत बिळं किती दिसतात ते फोनमध्ये बोलायची. तसं पाहिलं तर खाडीभर प्रकल्पाच्या सुया रोवलेल्या होत्या. चिखलाच्या कणांमधल्या पाण्यात धातू किती सुटलाय, ते त्या तासातासाला रत्नागिरीच्या प्रयोगशाळेला कळवायच्या. त्यांच्यापुढे माणसाच्या मोजणीला कोण विचारतो! दर्शनाची खरी गरज एकाच जागी होती, जेटीच्या अलीकडे कांदळवनाच्या आडोशाला असलेल्या देवीच्या खाजणात, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या चिखलाच्या पट्ट्यात. तिथे लोखंड रोवायचं नाही, हा गावाचा जुना नेम. प्रकल्प आला तेव्हा गावाने बाकी सगळं मान्य केलं, पण तेवढ्या एका गोष्टीवर हटून बसलं. शेवटी प्रकल्पाच्या डॉक्टर इरावती खांबेटे यांनी हात टेकले.

"बरं, तिथे सुई नको. तिथे माणूस मोजेल," त्या म्हणाल्या होत्या.

एप्रिलातल्या एका ओहोटीला दर्शनाने देवीच्या खाजणात चौकट टाकली आणि ती जागच्या जागी थांबली. ओल्या चिखलावर वाटीएवढा उंचवटा होता. त्याच्या टोकाला भोक, आणि भोकातून थांबून थांबून गढूळ पाणी उडत होतं. बाजूला तसाच दुसरा उंचवटा. पलीकडे तिसरा.

"आई गं, चूल!" ती एकटीच मोठ्याने बोलली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तिच्या माहेरी, भाटण्याच्या खाडीत, असे उंचवटे हजारांनी. गढूळ पाणी वर येताना लांबून धूर निघाल्यासारखा दिसतो, म्हणून बायका त्यांना चुली म्हणतात. आत बोटाएवढी पांढुरकी कोळंबी असते, एक नांगा मोठा, एक लहान. ती जन्मभर चिखल उपसते आणि खाते. ज्या खाडीत चुली पेटल्या ती खाडी जिती, असं भाटण्यात समजतात. म्हणून तिथली पोर सासरी निघाली की तिच्याबरोबर टोपलीभर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, द्यायच्या, त्याही माहेरच्या चिखलासकट. त्या सासरच्या खाडीत सोडायच्या. याला खाडीची ओटी भरणं म्हणतात. पुढे तिथे चूल दिसली की माहेरी निरोप धाडायचा. पोर नांदली, असा त्याचा अर्थ.

दर्शना चोवीस वर्षांपूर्वी टोपली घेऊन वेळशेतला आली, तेव्हा खाडी मेलेली होती. वरच्या अंगाच्या रासायनिक कारखान्यांनी तीस वर्षं आपलं पाप तिच्यात सोडलं होतं. सासूने, शेवंतीबाईंनी, टोपलीत डोकावून पाहिलं आणि म्हटलं, "मरायला कशाला टाकतेस गो? शिजव." मग नव्या नवरीने स्वतःच्या ओटीच्या तिसऱ्यांचं एकशिपी, म्हणजे एकेका शिंपल्यासकटचं कालवण, केलं, घरादाराने बोटं चाटून खाल्लं. तेव्हापासून भाटण्याला फोन लावला की आई शेवटी एकच विचारायची, "चुली पेटल्या का गो?" आणि दर्शना म्हणायची, "अजून नाही."

आता पेटल्या होत्या. पण हे आईला सांगायचं कसं? कारण त्या का पेटल्या हे फक्त दर्शनाला माहीत होतं, आणि पेटल्यामुळे काय होणार हेही इतक्या वर्षांत तिच्या कानावरून गेलं होतं.

खांबेटेबाई गावाला समजावताना पाण्याने भरलेल्या काचेच्या नळीत खाडीचा चिखल दाखवायच्या. वरचा चार बोटं थर तपकिरी, खाली काळाकुट्ट. काळ्या थरात कॅडमियम, पारा, शिसं सगळं आहे, पण तिथे प्राणवायू नाही. प्राणवायू नसला की धातू गंधकाला घट्ट चिकटून बसतात आणि पाण्यात उतरत नाहीत. विष आहे, पण ते झोपलेलं आहे. त्याला जागं करायला कुणी कारखाना काढावा लागत नाही. एखाद्या किड्याने खाली बीळ केलं, श्वासासाठी त्यात वरचं पाणी ओढलं, की पुरे. प्राणवायू पोचतो, गंधकाची मिठी सुटते आणि धातू पाण्यात मोकळा होतो. तो मग किड्यात, किड्यातून माशात आणि माशातून ताटात.

"म्हणजे खाडी मेलेली आहे म्हणून आपण जिवंत आहोत?" एका सभेत कुणीतरी विचारलं होतं.

"आज तरी तसंच," बाई म्हणाल्या होत्या.

यावर प्रकल्पाने काढलेला तोडगा म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेलं एक गांडूळ. गावाने त्याचं नाव लगेच ठेवलं, सरकारी गांडूळ. कारण ते चार बोटांच्या खाली काम करायचं नाही. तेवढ्या थरातला चिखल ते गिळायचं, त्यातला धातू पोटात कडक दाण्यात कोंडायचं आणि मोहरीएवढी विष्ठा टाकायचं. ते दाणे एकमेकांना धरून बारा वर्षांत कवच तयार होणार होतं. कवचाखाली विष कायमचं गाडलं जाणार आणि कवचावर नवी खाडी नांदणार. तोवर खणणारा एकही जीव आत नको. बंदी होती ती त्यासाठी.

आणि गांडूळ खरंच राबलं. नवव्या वर्षी वरचा चिखल मऊ झाला, वास गेला, बगळे उतरायला लागले. तेव्हाच शेवंतीबाईंनी सुनेच्या मागे टुमणं लावलं.

"आता तरी भर गो ओटी. बावीस वर्सां तशीच रिकामी हाय ती. माजा काय खरा न्हाय, मी हाय तवर बघूदे मना."

"आये, बंदी आहे."

"बंदी जाळ्यांना. देवीला कसली बंदी?"

दर्शनाला मूल नव्हतं. नवरा, संदेश, अठरा वर्षं आखातातल्या एका बंदरात गाळ उपसणाऱ्या जहाजावर होता. वर्षातले तीस दिवस संसार आणि बाकीचे फोनवर. खाडी उघडली की तो होडी घेऊन कायमचा घरी येणार होता. बाईच्या जातीला अशा वेळी देवीला एक टोपली द्यावीशी वाटली, तर तिला मूर्ख कुणी म्हणावं? नव्या पुलापलीकडच्या भाटण्याहून तिने टोपली आणली आणि खाजणात नेऊन रिकामी केली. सुया नव्हत्या तिथेच. माहेरच्या चिखलात डोळ्याला न दिसणारी चुलीतल्या कोळंबीची पिल्लं होती, हे तिच्या मनातही आलं नाही.

भाटण्यात ती कोळंबी गुणाची आहे. वेळशेतमध्ये ती दोन हात खोल जाते, म्हणजे थेट काळ्या थरात.

दर्शनाने फोन तोंडाजवळ धरला. फोन सवयीने म्हणाला, "देवीचं खाजण. बिळांची संख्या सांगा." नारळी पौर्णिमेला सोळा महिने होते. चौकटीत बिळं होती चार.

"शून्य," ती म्हणाली.

एकदा शून्य बोललं की पुढे तेच बोलावं लागतं. पावसाळा झाला, दिवाळी झाली, चौकटीत नऊ झाली, चौदा झाली, दर्शनाचं शून्य काही हलेना. पण ती स्वस्थ बसली नव्हती. ओहोटीला घमेलं आणि खुरपं घेऊन ती चुली उकरायची. बिळाच्या मागे मागे कोपरापर्यंत हात घालायची. कोळंबी हाताला लागली तर चिरडायची, पण दहातली एक लागायची. बाकीच्या खोल पळायच्या. हात बाहेर यायचा तेव्हा काळा असायचा आणि खड्ड्यात भरतीचं स्वच्छ पाणी भरायचं. आपण त्या कोळंबीचंच काम तिच्याहून दसपट करतोय, हे एके दिवशी खड्ड्याकडे बघताना तिच्या लक्षात आलं. तिने खुरपं धुतलं आणि घरी गेली. रडणार तरी कुणापुढे?

खांबेटेबाई जानेवारीत आल्या. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, चहात साखर दोन चमचे घेणाऱ्या. ओट्यावर बसून त्यांनी दर्शनाचे आकडे बघितले.

"दर्शनाताई, खाजण तुमचं फारच गुणी. बाकी खाडीत कुठे कुठे एखादं बीळ आहे, इथे काहीच नाही!"

"देवीची जागा आहे, मॅडम."

"जेटीजवळच्या सुईला कॅडमियम जरा वर दिसतंय. बहुतेक सुई म्हातारी झालीय. बदलते." त्या हसल्या. "तुमच्यावर माझा सुईपेक्षा जास्त भरवसा आहे."

दर्शनाने चहाचा कप उचलला आणि आत जाऊन तो उगाच दोनदा विसळला.

मार्चमध्ये शेवंतीबाईंनी पाण्याची कळशी उचलली आणि मनगट मोडलं. पडल्या नाहीत, आपटल्या नाहीत. कळशी उचलली आणि हाड कड्कन वाजलं, बस्स. हाडं दुखतात, असं म्हातारी वर्षभर म्हणत होतीच, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईची हाडं दुखली तर गावात त्याला दुखणं म्हणत नाहीत. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र तरुण डॉक्टरणीने लघवी तपासायला पाठवली आणि चौथ्या दिवशी बोलावून घेतलं.

"ह्या खाडीतलं काही खातात का?"

"अकरा वर्षं बंदी आहे," दर्शना म्हणाली.

"मूत्रपिंडात कॅडमियम आहे. जुनंही असेल, बंदीच्या आधीचं. पण आता नव्याने भर पडलीय, हे नक्की. त्याने मूत्रपिंड बिघडतं आणि हाडातला चुना निघून जातो."

"औषध काय?"

"आत गेलेलं बाहेर काढायला औषध नाही. आणखी जाऊ द्यायचं नाही, एवढंच."

रिक्षात प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून शेवंतीबाईच बोलल्या.

"तू भरलेल्या ओटीच्या तिसऱ्या रुजल्या गो. भरपूर झाल्यात. तू बाजाराला गेलीस की मी जात व्हते खाजनात. पायाच्या बोटांनी काढायच्या, कुनाला कलत पन न्हाय."

"कधीपासून, आये?"

"दोन वर्सां झाली असतील. लय दिवसांनी आपल्या खाडीची चव लागली." मग म्हणाल्या, "तुना दिल्या न्हायत. तू मोजनीवाली, तुना खोटा बोलाया लागला असता."

दर्शनाला रिक्षातून उडी मारावीशी वाटली. तिला खोटं बोलायला लागू नये म्हणून म्हातारीने लपवलं होतं, आणि ती इकडे वर्षभर शून्य बोलत बसली होती. पहिल्याच दिवशी चार म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी खाजणाला कुंपण पडलं असतं.

त्याच दुपारी तिने रत्नागिरीला फोन लावला. खांबेटेबाई संध्याकाळच्या ओहोटीला हजर झाल्या. दर्शनाने त्यांना खाजणाच्या काठावर उभं केलं आणि सगळं सांगितलं. टोपली, चार, नऊ, चौदा, खुरपं, सासू. सांगून झाल्यावर बाईंनी पिशवीतून सुई काढली.

"गावाला विचारायला हवं का?"

"नको," दर्शना म्हणाली. "द्या, मीच रोवते."

देवीच्या खाजणात पहिलं लोखंड गेलं ते तिच्या हातून. सुईच्या डोक्यावरचा दिवा हिरवा झाला, पिवळा झाला, आणि लाल होऊन तसाच राहिला.

"मॅडम, आता काय करायचं? विष टाकून सगळ्या मारायच्या?"

"मारल्या तरी बिळं उघडीच राहणार. वर्षानुवर्षं पाणी आत-बाहेर करत राहील."

"वरून माती टाकली तर? जाड थर?"

"टाकू. त्या मातीतून वर येतील. तेवढंच काम येतं त्यांना." बाई चपला हातात घेऊन चिखलातच उभ्या होत्या. "आणि त्या इथे थांबलेल्या नाहीत. भरतीबरोबर पिल्लं खाडीभर गेली असतील. जेटीची सुई म्हातारी नव्हती, दर्शनाताई. मी म्हातारी झाले."

"माझ्यामुळे झालं."

"तुमची टोपली चोवीस वर्षांपूर्वी या चिखलात पडली असती, तर त्यातलं काहीही जगलं नसतं. आम्ही वरचा थर राहण्याजोगा केला, म्हणून त्या जगल्या. त्यांना घर बांधून दिलं आम्ही आणि दार लावलं नाही." त्या कडवट हसल्या. "एकटीने सगळा दोष घेऊ नका. मलाही हवाय थोडा."

"मग खाडी उघडणार कधी?"

बाईंनी सुईच्या लाल दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कवच फुटलंय. काळ्या थरात आहे तेवढं सगळं हळूहळू वर येऊन समुद्रात जाईल, तेव्हा. तुमच्या-माझ्या आयुष्यात तर नाहीच. त्यानंतरचं गणित मी केलेलं नाही, आणि करायची इच्छाही नाही."

संदेशला तिने फोनवर सांगितलं. तो जहाजावर होता, मागे यंत्रांचा आवाज होता.

"तुला माहीत होतं वर्षभर?"

"हो."

"मी इथे नोकरी सोडायची नोटीस दिली होती. परवाच दिली." मग म्हणाला, "मागे घेतो."

"येऊन जा तरी. आयेचा हात मोडलाय."

"येईन. येईन बघू." तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

गावाने तिला वाळीत टाकलं नाही. कुणी शिव्याही दिल्या नाहीत. विहिरीवर बायका जागा द्यायच्या आणि गप्प राहायच्या. दोन घरांना कुलपं लागली, मग आणखी पाच. होड्यांवरची ताडपत्री काढून माणसं नेऊ लागली, कारण ती तरी कशाला फुकट घालवायची? नारळी पौर्णिमेला सहा माणसं जेटीवर जमली. नारळ सोडला, आणि तो भरतीबरोबर फिरून खाजणातच आला. संदेश आला नव्हता. करार तीन वर्षांनी वाढला होता.

त्याच दिवशी शेवंतीबाईंनी अंथरुणातून विचारलं, "एकशिपी करशील गो? याक डाव."

"आये, त्यानेच तर..."

"मना म्हायत हाय. मोडायचा ता मोडला. आता आनखी काय मोडनार हाय?" त्यांनी सुनेचा हात धरला. "तुज्या ओटीच्या हायत त्या. देवीनं घेतल्यानी. तू खाव नको. मना दे."

दर्शनाने नाही म्हटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बसली. मग उठली आणि टोपली घेऊन खाजणात गेली. यात बरोबर काय नि चूक काय, हे ठरवण्याची तिची ताकद संपली होती. तिने तिसऱ्या धुतल्या, विळीवर उघडल्या, ओलं खोबरं वाटलं, दोन आमसुलं टाकली. म्हातारीला तिने हाताने भरवलं. म्हातारीने एकही शिंपला वाया जाऊ दिला नाही. दर्शना शेजारी बसून कोरडा भात खात होती.

भाद्रपदात शेवंतीबाई गेल्या. खांद्याचं हाड कुशीवर वळताना मोडलं होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर उधाणाची ओहोटी आली आणि दर्शना फळ्या बांधून खाजणात उतरली. प्रकल्प गुंडाळला जाणार होता, पण मोजणी वर्षअखेरपर्यंत चालू होती. दुपारचं ऊन होतं. नजर जाईल तिथवर चुली होत्या, जेटीपर्यंत, जेटीच्या पलीकडे, मधल्या वाळूच्या पट्ट्यापर्यंत. सगळ्यांतून धूर निघत होता. भाटण्यातही तिने इतक्या कधी पाहिल्या नव्हत्या. बोई माशांचा घोळका उथळ पाण्यात चिखल चोखत फिरत होता आणि बगळे दाटीवाटीने उभे होते. सुईचा दिवा लाल होता.

फोन वाजला. भाटण्याहून आई होती. ऐंशी वर्षांची, कानाने कमी, सुनेचा फोन मागून बोलणारी. विहीण गेल्याचं दुःख केलं, संदेशची चौकशी केली, जेवतेस ना म्हणाली. आणि मग नेहमीसारखं शेवटी विचारलं, "चुली पेटल्या का गो?"

दर्शनाने समोर पाहिलं.

"पेटल्या, आई."

"काय म्हंतेस?"

"पेटल्या! खाडीभर पेटल्यात!" तिला ओरडून सांगावं लागलं.

पलीकडे म्हातारी रडायलाच लागली. "गो बाय माजी! नांदली गो माजी पोर! अगो, ऐकलात काय, दर्शनाच्या खाडीत चुली पेटल्या!" ती घरातल्यांना हाका मारत सुटली. माहेरच्या घरात माणसं गोळा झाल्याचे आवाज आले, कुणीतरी देवाला दिवा लावा म्हणालं, वहिनी हसत काहीतरी बोलली. दर्शनाने फोन कानाला तसाच धरून ठेवला, ती अजून फोनवर आहे हे विसरून पलीकडे कुणीतरी तो बंद करेपर्यंत.

मग तिने चौकट टाकली. फोन म्हणाला, "देवीचं खाजण. बिळांची संख्या सांगा."

तिने वाकून बोट ठेवत एकेक चूल मोजली.

"सदतीस," ती म्हणाली, आणि पुढची चौकट टाकायला सरकली.